नानांना कोणी हरवेना

जळगावात डाळमिलच्या माडीवर राक्षस तयार होतात आणि मला त्यांच्या तोंडची वाक्यं लिहायची नोकरी लागली आहे, असं मी पहूरला घरी सांगितलं तेव्हा आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. एम.ए. मराठी होतं, त्यावर इलाज नव्हता.

खाली मोठ्या शेठची मिल आणि वर त्यांच्या चिरंजीवांचा, म्हणजे जितेशशेठचा, ऑनलाइन खेळाचा कारखाना. खेळाचं नाव ‘रणचौक’. दोघांनी आपापल्या मोबाइलवर एकेक पात्र निवडायचं आणि एक जण आडवा होईपर्यंत एकमेकांना बडवायचं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. खालून उडणारा तुरीचा भुगा आमच्या कीबोर्डांवर येऊन बसायचा. दर शनिवारी मोठे शेठ वर यायचे आणि चारी भिंतींवरून नजर फिरवायचे. आमचं काम बघायला नाही. इथे पोती कशी लावता येतील, ते बघायला.

माडीवरची सगळी पोरं बाविशी-पंचविशीतली. आणि त्यांच्यात नाना. पन्नाशी ओलांडलेले, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, तर नाना धुळ्यात वर्षानुवर्षं कबड्डीचे पंच होते. लाल पेन कशाला, तर देवपूरला त्यांचा गणिताचा क्लास होता. आमचे जितेशशेठ मामाकडे राहून त्याच क्लासातून बारावी कसेबसे सुटले होते. कारखाना काढल्यावर त्यांना न्याय करणारा माणूस हवा होता, आणि ज्याने आपल्याला कधी फुकट मार्क दिला नाही असा एकच माणूस त्यांना आठवला. नानांनी चालता क्लास बंद केला आणि जळगावला मेहरूणमध्ये खोली घेतली. धुळ्यात सगळ्या भाऊबंदांनी त्यांना वेड्यात काढलं. खुद्द आबांनी, म्हणजे नानांच्या वडिलांनी, निरोपाला एवढंच सांगितलं होतं की ‘तुले नही जमाव.’ तुला जमणार नाही. हे वाक्य नाना आम्हाला अधूनमधून स्वतःच ऐकवायचे, आणि हसायचे. ते हसणं काही खरं वाटायचं नाही.

न्याय कसला, तेही सांगते. अशा खेळात एखादं पात्र भलतंच भारी होऊन बसतं. मग जो तो तेच निवडतो, बाकीची पात्रं धूळ खात पडतात आणि खेळणारे कंटाळून निघून जातात. त्या पात्राला वठणीवर आणावं लागतं, पण असं की त्याचा दराराही राहील आणि समोरच्यालाही आशा राहील. सगळ्या जगात या कामासाठी मोठमोठी तज्ज्ञ मंडळी ठेवतात म्हणे. आमच्याकडे नाना होते. नाना पात्रांना ‘विद्यार्थी’ म्हणायचे. एखादं पात्र भारी झालं की, “हा विद्यार्थी हाताबाहेर गेलाय,” आणि फुसकं निघालं की, “याचा पाया कच्चा आहे.”

माणूस कामात वाईट होता असं कोणी म्हणू नये. आमच्या खेळात अक्का नावाचं एक पात्र होतं. हातात लाटणं, पाठीला पोळपाट. हा पोळपाट ती असा भिरकावायची की समोरचा उठायचाच नाही. पोरं आपसात खेळायची तेव्हा अक्का मिळावी म्हणून भांडणं व्हायची. सगळ्यांचं एकच मत होतं, पोळपाटाचा मार अर्धा करा. नानांनी शिट्टी वाजवली. ऑफिसात शिट्टी वाजवणारा हा एकमेव साहेब मी पाहिला.

“मार अर्धा केला तर अक्काला घाबरेल कोण?” नाना म्हणाले. “मारणाऱ्याचा जोर काढू नका. मार खाणाऱ्याला तो येताना दिसू द्या. वैशालीताई, अक्का पोळपाट फेकायच्या आधी काहीतरी बोलली पाहिजे. बोलेपर्यंत समोरच्याला पळता येईल.”

मी लिहिलं, “थांब, बघतेच तुझ्याकडे.” बस. अक्काचा मार तेवढाच राहिला, पण आता तो ऐकू यायला लागला. ज्याला पळायचं तो पळायचा, ज्याला शहाणपण नको असेल तो पोळपाट खायचा. भांडणं थांबली. माझ्या एका वाक्याने पोळपाट अडवला, हे मी पुढे कित्येक दिवस ज्याला त्याला सांगत होते. कोणी विचारलेलं नसतानाही.

पण अक्काच्या लढती पोरं आपसात खेळायची, नाना फक्त बघायचे. घोटाळा जिथे नाना स्वतः खेळायला बसायचे तिथे होता.

दर गुरुवारी जेवण झालं की मोठा टीव्ही लागायचा. नाना खुर्ची ओढून पुढे बसायचे आणि एकेका पोराला लढतीला बोलवायचे. बाकीचे मागे उभे. मी म्हणायचे, आपल्या पोरांना जमेल तसं खेळवून संगणकावर आकडे काढता येतात ना, मग हे कशाला? नाना म्हणायचे, “ताई, आकडा खोटं बोलत नाही. पण तो कुठून आला, तेही सांगत नाही. मी पंच आहे. माझ्या डोळ्यांसमोर झालं तेच खरं.” हे ते ज्या रुबाबात म्हणायचे, तो आठवला की मला आजही हसू येतं. आणि थोडं वाईटही वाटतं.

नानांचं स्वतःचं पात्र ठरलेलं होतं. सातपुड्या. डोंगराएवढा, सावकाश चालणारा, एका बुक्कीत काम तमाम करणारा राक्षस. समोरची पोरं बहुतेक वेळा वावटळ घ्यायची. ही गरागरा फिरत येऊन मारणारी चपळ पोरगी. आणि दर गुरुवारी नाना जिंकायचे. सगळ्यांशी. मयूर हा आमचा सगळ्यात तयार गडी, मेहरूणचाच, लहानपणापासून मोबाइलवर दुसरं काहीही न केलेला. तोही हरायचा. कधी त्याचं बोट घसरायचं, कधी हेडफोन अडकायचा, आणि चार्जर तर दर गुरुवारी निघायचाच.

मीही हरायचे. पण मला खेळताच यायचं नाही, त्यामुळे मला वाटायचं, सगळे माझ्याइतकेच भिकार आहेत.

नाना जिंकले की खूश व्हायचे, पण लगेच त्यांच्यातला पंच जागा व्हायचा. “मी जिंकलो याचा अर्थ विद्यार्थी हाताबाहेर गेलाय. मी खेळतो म्हणून त्याला सूट मिळणार नाही.” आणि लाल पेन बाहेर. आधी सातपुड्याची उडी काढली. पुढच्या गुरुवारी नाना पुन्हा जिंकले. बुक्की निम्मी केली. पुन्हा जिंकले. मग त्याला गुडघेदुखी दिली. राक्षस लंगडत चालायला लागला, आणि लंगडत लंगडत जिंकायला लागला. शेवटी नानांनी त्याला दम लावला. दोन-तीन बुक्क्या मारल्या की राक्षसाने जमिनीवर बसून घ्यायचं, आणि तेव्हा त्याच्या तोंडी मी लिहिलेलं वाक्य होतं, “जरा टेकतो.” मराठी साहित्यातली माझी भर ती एवढीच.

राक्षस मैदानात बसलेला, समोर मयूरची वावटळ, तिने नुसता पदर लावला तरी तो आडवा व्हावा. पण वावटळ आपली दूर कोपऱ्यात एकटीच फिरत राहायची. नाना टेकायचे, उठायचे, लंगडत तिच्यापर्यंत जायचे आणि बुक्की मारायचे. वावटळ आडवी. मागे उभी असलेली पोरं टाळ्या वाजवायची. नाना कपाळ पुसत म्हणायचे, “अजून भारीच आहे रे हा.” आणि दर वेळी हरणाऱ्या वावटळीची त्यांना दया यायची. “पोरीचा पाया कच्चा आहे, हिला काहीतरी द्या.” मग तिचा वेग वाढला, मार वाढला, आणि शेवटी तिला न थांबता हवं तेवढा वेळ फिरता यायला लागलं.

अशी आमची न्यायाची व्यवस्था. या तयारीवर आम्ही धुळ्याला स्पर्धा घ्यायला निघालो. खेळ बाजारात येण्याआधीची ती परीक्षाच होती. मोठ्या शेठनी सरळ सांगितलं होतं, धुळ्यात लोकांना आवडलं तर माडी तुमची, नाही तर पोत्यांची. आणि नानांनी स्पर्धेची जागा निवडली देवपूर. त्यांच्याच गल्लीपासून हाकेच्या अंतरावरचं एका कॉलेजचं सभागृह. सगळे भाऊबंद, क्लासची जुनी मुलं यांना आवर्जून निमंत्रण. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून आबा.

पहिल्या तासाभरात कळलं काय वाढून ठेवलंय ते. खेळायला आलेल्यांनी थोडा वेळ सगळी पात्रं चाखून पाहिली आणि मग जो तो वावटळच घ्यायला लागला. पडद्यावर दोन वावटळी समोरासमोर गरागरा फिरतायत आणि लोक जांभया देतायत. एका मुलाने हौसेने सातपुड्या घेतला. राक्षस लंगडत पुढे आला, “जरा टेकतो” म्हणाला आणि त्यातच गेला. सभागृह हसलं. आपलं वाक्य एवढं गाजेल असं मला वाटलं नव्हतं. मुलाने माईक मागितला आणि विचारलं, “हा राक्षस बनवलाय कोणी? त्यापेक्षा त्याला दवाखान्यात न्या.”

नाना उठले. कोणी अडवायच्या आत मंचावर पोचले. “राक्षस चांगला आहे. खेळता आलं पाहिजे. मी आमच्या सगळ्या पोरांना यानेच हरवलंय. द्या इकडे.”

आमची पोरं एका रांगेत बसली होती. मयूर अर्धा उभा राहिला आणि परत बसला.

समोर साक्रीची एक कॉलेजची मुलगी होती. तिला नाना म्हणजे कोण, हे माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. तिने वावटळ घेतली आणि नानांना लोळवलं. नाना म्हणाले, पुन्हा. तिने पुन्हा लोळवलं. तिसऱ्यांदा तर राक्षस उठण्याआधीच पडला. पहिल्या रांगेत आबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. मुलीला बिचारीला कीव आली. ती अगदी मनापासून म्हणाली, “काका, तुमची बटणं चालत नाहीयेत का?”

नानांनी फोन खाली ठेवला. आमच्या रांगेकडे पाहिलं. रांगेतला प्रत्येक जण सभागृहातल्या पंख्यांचा अभ्यास करत होता.

“मयूर,” नाना म्हणाले. माईक अजून चालू होता. “गुरुवारी तू माझ्याशी हरलास ना?”

“हो नाना.”

“कसा हरलास?”

मयूरचे कान लाल झाले होते. “नाना, तुम्ही मोठे आहात ना,” तो म्हणाला.

आपल्याकडे हे उत्तर पुरतं. वडीलधाऱ्या माणसाला चार लोकांसमोर कसं हरवायचं? घरी काकांना पत्त्यांत हरवत नाहीत, सासऱ्याला बुद्धिबळात हरवत नाहीत, तिथे साहेबाला टीव्हीवर कोण आडवा करणार? पोरांनी काही ठरवलं नव्हतं, कट नव्हता. प्रत्येकाने आपापल्या घरच्या वळणाने मान राखला होता, एवढंच. नंतर मयूरने मला सांगितलं की राक्षस जसजसा अधू होत गेला तसतसं हरणं अवघड होत गेलं. “ताई, शेवटी शेवटी तर घाम फुटायचा भो. तो टेकला की मी काय करू? आता चुकून लागला धक्का तर?” म्हणजे एकीकडे नाना राक्षसाचा जोर काढतायत आणि दुसरीकडे पोरं जिवाच्या आकांताने मार खातायत. असा तोल जगात कुठल्या कंपनीने साधला नसेल.

संध्याकाळी सगळे नानांच्या देवपूरच्या घरी जेवायला. आधीच सांगून ठेवलं होतं, टाळता येण्यासारखं नव्हतं. वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, शेवभाजी केली होती, ती आम्ही माना खाली घालून खात होतो. नाना एकदाच म्हणाले, माझ्याकडे बघून, “ताई, मी आयुष्यात एकदा तरी खरा जिंकलोय का, तेच आता कळेना.” वाक्यं लिहायची नोकरी, आणि ऐन वेळी एक वाक्य नाही.

जेवणं झाली आणि आबांनी कॅरम मांडायला लावला. नाना घरी आले की बापलेकांचा डाव व्हायचाच म्हणे, कितीतरी वर्षांचा रिवाज. आबांचा हात थरथरायचा, सोंगट्या कशाबशा जायच्या. नानांची एक पांढरी अगदी भोकाच्या तोंडावर होती. फुंकरीनेही गेली असती. नानांनी नेम धरला आणि स्ट्रायकर भलतीकडेच घातला.

“हात वळत नही आज,” नाना सवयीने पुटपुटले.

आणि तिथेच थांबले. मयूरकडे पाहिलं. मयूर शेवभाजीच्या रिकाम्या वाटीत बघत होता. नानांनी आबांकडे पाहिलं. सगळ्यांना कळलं होतं.

पुढच्या खेपेला नानांनी ती पांढरी घातली. मग दुसरी. मग राणी. कबड्डीचा पंच असा खेळेल असं मला वाटलं नव्हतं. डाव संपला, आबा हरले. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. आबांनी बोर्डावर हात आपटला आणि पोटच्या पोराला एक अस्सल, कमावलेली शिवी हासडली. ती मी इथे लिहिणार नाही, पण इतकी रसरशीत शिवी मी पात्रांसाठी कधी लिहू शकले नाही. मग आबा म्हणाले, “आते खरा खेळना तू. इतला दिन माले काय ल्हान पोर समजस का?” म्हणजे, आत्ता कुठे खरा खेळलास. आणि स्वतःच्या हाताने सोंगट्या परत मांडायला लागले. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. “बस. पळू नको आते.”

नाना जळगावला परतले ते बदलूनच. जितेशशेठनी वडिलांच्या हातापाया पडून दिवाळीपर्यंत माडी वाचवली होती. नानांनी गुरुवारचा मोठा टीव्ही बंद करून टाकला. प्रत्येकाला वेगळा कोपरा, मध्ये प्लायवुडच्या फळ्या, आणि संगणक दर लढतीला प्रत्येकाला नवं नाव द्यायचा. भाज्यांची नावं. दोडका, गिलकं, वांगं, भेंडी. कोणासमोर कोण आहे, कोणालाच कळायचं नाही. नाना स्वतः मागच्या कोठीत बसायचे, तिथे आधीच पोती येऊन पडली होती.

आणि त्यांनी नवं माप काढलं. शिवी. हरणारा जर ‘वा, छान’ म्हणाला तर लढत खोटी. हरणाऱ्याच्या तोंडून आपोआप शिवी निघाली तर खरी. एकाच पात्राकडून हरताना सगळे शिव्या देत असतील तर तो विद्यार्थी हाताबाहेर गेलेला. दोन्हीकडून सारख्याच शिव्या यायला लागल्या की पात्र जमलं. आख्ख्या माडीवरून दिवसभर जे काही ऐकू यायचं, ते ऐकून मोठ्या शेठनी शनिवारी वर यायचं बंद केलं.

या मापाने नानांनी वावटळ हातात घेतली. तिचा वेग तसाच ठेवला. फक्त फिरणं थांबलं की तिला क्षणभर भोवळ येईल असं केलं. फुगडी संपल्यावर पोरी जशा झोकांडी खातात तशी. तेवढ्यात समोरच्याने डाव साधायचा. आणि सातपुड्याला जे जे काढून घेतलं होतं ते एकेक करून परत दिलं. उडी दिली, बुक्की दिली, गुडघा बरा केला. “टेकतो” मात्र राहू दिलं. मला वाटलं, माझ्या वाक्याची कदर. नाना म्हणाले, “नाही ताई. दम सगळ्यांनाच लागतो. फक्त तो लागल्यावर समोरच्याने मारलं पाहिजे.”

मारलंच. भाजीच्या नावाखाली नाना रोज हरायचे. मयूरकडून, सगळ्यांकडून, आणि एकदा माझ्याकडूनही. मी सुद्धा शेवटी कोणालातरी हरवलं, ते नेमके नाना निघाले. ते हरले की कोठीतून धुळ्याची शिवी यायची, मग आम्हाला कळायचं कोण होतं. पण उलटं, म्हणजे नानांनी कोणाला हरवलं, असं कधी झालं नाही.

मला नाशिकला नोकरी लागली आणि मी निघाले, तो माझा शेवटचा दिवस. दिवाळी तोंडावर आली होती. निरोप घ्यायला कोठीत गेले तर नाना तुरीच्या पोत्यावर बसून खेळत होते. मान वर न करता त्यांनी हाताने ‘बसा’ म्हणून सांगितलं. नाना गिलकं होते, समोर कोणीतरी दोडका. सातपुड्या विरुद्ध वावटळ. वावटळ झपाझप येत होती आणि नाना नुसते मार खात होते. राक्षस टेकला, तेव्हा वावटळीने त्याला चांगलाच बडवला. मला वाटलं, झालं. पण ती फिरून थांबली, तिची झोकांडी गेली, आणि नानांनी उडी घेतली. वरून बुक्की. वावटळ आडवी.

नाना फोनकडे बघत राहिले. आपण काहीतरी चुकीचं दाबलं की काय, अशा चेहऱ्याने.

तेवढ्यात फळीच्या पलीकडून मयूरचा आवाज आला. “मायला, कोण आहे हा गिलकं? हरामखोर, कुठून आला भो हा? सगळं जमवत आणलं होतं मी.”

मी तोंड उघडलं. नानांनी ओठांवर बोट ठेवलं. एवढा आनंदी माणूस मी शिवी खाताना कधी पाहिला नाही. कानापर्यंत हसू, आणि चष्मा काढून डोळे पुसतायत.

“ऐकलं का ताई?” ते कुजबुजले.

“ऐकलं नाना.”

पलीकडून मयूर गुरगुरला, “परत ये म्हणावं. ये गिलक्या, सोडत नाही तुला.”

नानांनी चष्मा घातला, पोतं जरा पुढे ओढून घेतलं आणि पुन्हा सातपुड्याच निवडला.